पाळीची वही

कपेलाच्या वेदीमागच्या खोलीत
खिळ्याला टांगलेली असते निळ्या पुठ्ठ्याची वही.
सतरा घरं, सतरा नावं.
वेदीचं कापड कोणी धुवायचं,
पावसाआधी घंटेचा दोर कोणी बदलायचा,
कबर खणायला फावडी कोणाकडून यायची.
आणि तळाला, मागाहून वाढवलेलं, वेगळ्या शाईतलं:
अंथरुणावरच्या रुझारीनला सकाळची पेज.

मंगळवार माझा.

बारा वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते.
गडग्यावर कलंडलेल्या एका माडापायी,
आणि माझं पहिलं मूल गेलं तेव्हा
विहिरीवर ती जे बोलली, त्यापायी.
ते मी पास्कूलासुद्धा सांगितलेलं नाही.

रविवारी पाद्री म्हणायचे, एकमेकांना शांती द्या.
मी डावीकडे वळायचे, ती उजवीकडे.
एकाच वेदीवरची ओस्ती जिभेवर घेऊन
आम्ही दोन वाटांनी घरी जायचो.

पहिल्या मंगळवारी मी पेज केली,
उकड्या तांदळाची, हवी तेवढी दाट.
मीठ घातलं नाही.
विसरले नव्हते.

सुकती लागली होती. साकवाखालच्या चिखलात
कुर्ल्या तिरक्या पळत होत्या,
वर मी, तशीच तिरकी, तोंड भलतीकडे करून.

तिनं चमचा घेतला नाही.
वाटी दोन्ही हातांनी उचलली,
शेवटच्या शितापर्यंत प्याली.
"गरम हा," म्हणाली. "देव बरे करू."
मिठाचं नाव नाही.

परतताना खाडीत वाटी विसळली
आणि उगाच बोट चाटलं.
खाडीला कोणी सांगावं लागत नाही.

पुढच्या मंगळवारी चिमूटभर घातलं.
त्याच्या पुढच्या, नीट.
बुधवार इनासचा. बायको गेल्यापासून
तो स्वतःच रांधतो, दर खेपेला करपवतो.
तीही पेज ती प्यायची,
वर त्याला विचारायची, तू जेवलास काय रे?

मग नोव्हेंबरातली ती रात्र.
वारा फिरला, आणि पास्कूची होडी आली नाही.
बंदरावर कोणी बॅटरी आणली, कोणी दोर,
कोणी नुसतंच येऊन उभं राहिलं
हात काखेत धरून.
काही उपयोग नव्हता त्यांचा, आणि एकही घरी गेला नाही.
मला त्यांनी घरी पाठवलं, पोरं एकटी आहेत म्हणून.

ओट्यावर खुर्ची होती. खुर्चीत रुझारीन.
इनास आणि त्याच्या भाच्यानं
तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं,
साकवावरून, तसल्या वाऱ्यात.
ती काही बोलली नाही.
तेर्साचे मणी एका हातात,
दुसऱ्यात माझं मनगट,
घट्ट, दुखेल इतकं.
विहिरीवरचं तिला आठवत होतं की नाही,
मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

तिची पाळी नव्हती.
वहीत तिचं नाव घेणाऱ्यांत होतं,
देणाऱ्यांत कुठेच नव्हतं.

उजाडता निरोप आला:
होडी आचऱ्याकडे लागली, माणसं जिवंत.
मी टोप चढवला. बंदरावरून सगळे आले,
ओले, खारे, झोपेनं लाल.
पहिली वाटी मी तिला दिली.
तिनं घोट घेतला, मान हलवली.

"आता मीठ बरा पडता गो तुझा."

माझे कान तापले.
ती पेज पीत राहिली.

त्या रविवारी वही खाली काढली
आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
कोणाकडे रात्र मोठी असेल तर
सोबत बसायला, रुझारीन.
खुर्ची उचलायला दोघं हवेत.
वार लिहिला नाही.

माड अजून कलंडलेलाच आहे.
नारळ कोणाचे, ते ठरलेलं नाही.